रा. रा. राउंडअबाउट यांस

रा. रा. राउंडअबाउट यांस,

सा. न. वि. वि.

आपण आमच्याच रस्त्यांवर राहता, हे आम्हाला रस्तेवाल्या इंजिनिअरांच्या पुस्तकातून कळलं. इंडियन रोड्स काँग्रेसने १९७६ साली आपल्याला ‘रोटरी’ म्हटलं होतं. २०१७ साली ‘राउंडअबाउट’ केलं. नाव बदललं तर गॅझेटात जाहिरात द्यायची असते, साहेब. इथे कुणाला पत्ताच नाही. परवा रिक्षावाल्याला म्हटलं, “राउंडअबाउटला सोडा.” त्याने आधी मला न्याहाळलं, मग मीटर टाकला. “सर्कल म्हणा की सरळ!”

तर इथे सर्कल. किंग्ज सर्कल कागदोपत्री महेश्वरी उद्यान आहे. राजे गेले, सर्कल राहिलं. दादरला तर उलटंच. तिथे खोदादाद सर्कल असं भारदस्त नाव असून लोक टीटीच म्हणतात, आणि ज्या ट्रामचं ते टर्मिनस, ती १९६४ सालीच बंद पडली. शब्द एकदा पत्त्यात शिरला की आमच्याकडे त्याला हलवायची कुणाची टाप नाही.

विलायतेत आपला थाट निराळा. जत्रेतल्या लाकडी घोड्यांच्या चक्रालाही तिथे आपलंच नाव. शिवाय १९६६ पासून आपल्या पदराला एक नियम बांधलेला: जो आत फिरतोय त्याला जाऊ द्या, बाहेरच्याने थांबा. त्याच भरवशावर स्विंडन गावात १९७२ पासून एका वर्तुळाभोवती पाच छोटी वर्तुळं मांडली आहेत, मधल्यात गाड्या चक्क उलट्या फिरतात, आणि तरी माणसं जेवायला घरी पोचतात!

आमच्याकडे आपला आकार तेवढा पोचला, नियम बहुधा कस्टम्सवाल्यांनी अडकवला. सर्कल म्हणजे मध्ये बंद कारंजं आणि साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. ज्याचा हॉर्न मोठा तो आधी.

आपला दुसरा अर्थ ‘आडवळणाचा’. त्या अर्थाने मात्र आपण अगदी घरचे. साधा दाखला काढायचा तर खिडकी तीनवरून पाचवर, पाचवरून झेरॉक्सवाल्याकडे, तिथून पुन्हा तीनवर. आणि तिथे आपला नियमही तंतोतंत पाळतात हं: आतल्याचं काम आधी, बाहेरचा उभा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक बाहेरचा

ता. क. उत्तर धाडल्यास पत्ता ‘सर्कलजवळ’ एवढाच लिहावा. आपलं नाव घातलंत तर पोस्टमन पत्र परत नेईल.