निरीक्षण : बदल नाही

शाळेतल्या प्रयोगांमध्येही मानपान असतो. खायच्या सोड्यावर व्हिनेगर ओतलं की फेस उसळतो, मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून उभी राहतात. त्यापुढे हळदीच्या कागदाचा प्रयोग अगदीच गरीब. गाळणकागद हळदीच्या पाण्यात भिजवायचा, वाळवायचा, पट्ट्या कापायच्या आणि घरून आणलेल्या जिनसांचा एकेक थेंब टाकत जायचा. घरात डागांपायी बोलणी खाणारी हळद इथे मात्र ‘नैसर्गिक दर्शक’ होऊन मिरवते.

साबणाच्या पाण्याचा थेंब पडतो आणि पिवळ्यावर विटकरी ठिपका उमटून कडेकडेने पसरत जातो. चुन्याची निवळी आणखी गडद रंग काढते. खायचा सोडा भिडस्त. कागद जरासा तांबूस करून थांबतो. धुण्याचा सोडा मात्र कसलीच भीड ठेवत नाही. घरच्यांना यात नवल नसतं. शर्टावरच्या आमटीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि भरपूर पाण्यात खळबळला की मुकाट पिवळा होतो, हे धुणाऱ्या हातांना ठाऊक असतं. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, हेही घरात पुस्तकाआधीच माहीत होतं.

गोची होते ती लिंबाशी. थेंब पडतो, कागद ओला होतो, बस्स. मुलगा आणखी पिळतो. बी पडते, तीही पिवळ्यावर निवांत बसते. मग चिंच, मग दही, कागद ढिम्म. आता तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो. तिथेही ‘बदल नाही’ असंच दिसतं, पण अक्षर असं बारीक, की जणू गुन्हा कबूल केलाय.

वास्तविक हळदीने काम चोख केलेलं असतं. तिच्यातलं कर्क्युमिन सामू साधारण ७.४ होईपर्यंत पिवळंच राहतं. रंग पालटतो तो त्यापुढे, आणि ८.६ च्या आसपास पुरता लाल होतो. लिंबाचा सामू दोनच्या घरातला. तिथे बोलायचं तिला कारणच नाही. रॉबर्ट बॉइलने १६६४ च्या आपल्या रंगांवरच्या पुस्तकात व्हायोलेट फुलांच्या सरबताची हकीगत दिली आहे. ते आम्लाने लाल आणि आम्लारीने हिरवं होतं. आपली जास्वंदही अशीच, दोन्हीकडे बोलणारी. हळद एकाच पक्षाशी बोलते.

पण ‘बदल नाही’ लिहून मोकळं होता येत नाही. साध्या पाण्यानेही बदल होत नाही. मग लिंबू आणि नळाचं पाणी सारखंच म्हणायचं का? इथे प्रयोग खरा सुरू होतो. पट्टीवर आधी साबणाचा लाल ठिपका पाडायचा आणि त्यावर लिंबाचा थेंब टाकायचा. लाल ओसरतं, पिवळं वर येतं. पाण्याच्या एका थेंबाला हे जमत नाही. न बोलणाऱ्याला बोलतं करायचं तर प्रश्न बदलावा लागतो.

अनुमानाच्या रकान्यात आता ‘लिंबू आम्लधर्मी’ असं बेधडक लिहावं. फक्त त्यासाठी आधी कागद लाल का करून घेतला, हे लिहायला प्रयोगवहीत रकाना नसतो. मुलांनी ते समासात लिहिलं, तर बाईंनी समास सोडला नाही म्हणून गुण कापू नयेत.