अंगठ्यापर्यंत चालतं

दक्षिण चिनी समुद्रात सेकंड थॉमस नावाचं एक प्रवाळ बेट आहे, भरतीला पाण्याखाली जाणारं. त्यावर ‘सिएरा माद्रे’ नावाचं जहाज उभं आहे. उभं म्हणजे रुतलेलं. १९४४ साली अमेरिकेने ते दुसऱ्या महायुद्धासाठी बांधलं, व्हिएतनामात राबवलं आणि पुढे ते फिलिपाइन्सच्या पदरात पडलं. फिलिपाइन्सने १९९९ साली ते मुद्दाम या प्रवाळावर चढवून वर मूठभर नौसैनिक बसवले. पत्र्याला भोकं पडली आहेत. भंगारवालासुद्धा भाव करताना नाक मुरडेल. पण कागदोपत्री ती आजही सेवेतली युद्धनौका आहे. आणि फिलिपाइन्सच्या सैन्यावर, सरकारी जहाजावर वा विमानावर सशस्त्र हल्ला झाला, तर अमेरिका मदतीला येईल असा १९५१चा करार आहे. अमेरिकेचे मंत्री मनिलात येऊन सांगतात की आमचं वचन पोलादी आहे. ज्या पोलादावर ते टेकलंय, तिकडे एकदा फेरी मारा म्हणावं.

थोडक्यात, चीन आणि अमेरिका या दोन अण्वस्त्रधारी महासत्ता एकमेकींच्या अंगावर कधी जाणार, याची कळ एका भंगारात ठेवलेली आहे. व्यवस्था म्हणून मला ती आवडली. बुद्धिमान माणसांशिवाय असं काही सुचत नाही.

चीनला युद्ध नकोच आहे. त्याला फक्त समुद्र हवा आहे. त्याच्या नकाशावरच्या नऊ तुटक रेघांना कायद्याचा आधार नाही, असं हेगच्या लवादाने २०१६ साली सांगितलं. चीनने निकाल रद्दीत काढला आणि २०२३च्या नकाशात रेघा दहा दाखवल्या. ज्याचं शेत भाऊबंदाच्या शेताला लागून आहे, त्याला हे तंत्र समजावून सांगायला नको. नांगरट करताना दरवर्षी थोडा बांध कोरायचा. कोर्टात जावं इतकं एका वर्षात काही जात नाही, आणि वीस वर्षांनी बांध विहिरीच्या काठाशी आलेला असतो. इथे नांगराच्या जागी तटरक्षक दलाची जहाजं आहेत आणि पाण्याच्या तोफा. काच फुटली, खलाशी भिजला, चार जण जखमी झाले, तरी पाणी ते पाणीच. पाण्याला सशस्त्र हल्ला कोण म्हणणार?

मग रेषा नेमकी कुठे? ३१ मे २०२४ रोजी सिंगापूरच्या शांग्री-ला परिषदेत फिलिपाइन्सचे अध्यक्ष मार्कोस यांना हे विचारलं गेलं. जाणूनबुजून केलेल्या कृत्यात आमचा नागरिक मारला गेला, तर ते युद्धाच्या कृतीच्या फार जवळ जाईल, असं ते म्हणाले. झालं, माप ठरलं. तीन आठवड्यांच्या आत, १७ जूनला, सिएरा माद्रेवर शिधा पोचवायला निघालेल्या फिलिपिनो रबरी बोटींना चिनी तटरक्षकांनी घेरलं. हातात सुरे, कोयते, कुऱ्हाडी. बोटी भोसकल्या, बंदुका उचलून नेल्या आणि धडकेत एका नौसैनिकाच्या उजव्या हाताचा अंगठा तुटला.

मग मनिलात अंगठ्याचं वर्गीकरण सुरू झालं. कार्यकारी सचिव म्हणाले, गैरसमज असेल किंवा अपघात. संरक्षणमंत्री म्हणाले, गैरसमज कसला, मुद्दाम केलंय. अध्यक्षांनी तोडगा काढला: कृत्य मुद्दामचं, पण कुणी बंदूक रोखली नाही, सबब सशस्त्र हल्ला नाही. कुऱ्हाड हे शस्त्र नव्हे, हे परशुरामाला वेळेवर कळलं असतं तर बिचारा एकवीस वेळा दमला नसता. बीजिंगने आपली कारवाई संयमित असल्याचं जाहीर केलं. तेव्हा सध्याचा दर असा: अंगठ्यापर्यंत चालतं. पंजा गेल्यास निषेधाचा खलिता. कोपराच्या वर गेल्यास विमानवाहू जहाज.

इतिहासात अवयव इतके स्वस्त नव्हते. १७३१ साली स्पॅनिश तटरक्षकांनी (तेव्हाही तटरक्षकच!) क्यूबाजवळ रॉबर्ट जेंकिन्स नावाच्या ब्रिटिश कप्तानाचा कान कापला. सात वर्षं तो कान कुणाच्या खिजगणतीत नव्हता. मग व्यापारावरून ब्रिटनचं आणि स्पेनचं बिनसलं, लंडनच्या पुढाऱ्यांना युद्धाची खुमखुमी आली, आणि कान आठवला. १७३९ला युद्ध पेटलं आणि बघता बघता ऑस्ट्रियाच्या गादीवरून युरोपभर माजलेल्या युद्धात मिसळून गेलं. अंगठ्यालाही मुदत नसते. आज माफ केलेला अंगठा कुठल्यातरी निवडणुकीच्या वर्षी सव्याज वसूल करता येतो.

काही बिनसलंच तर फोन आहेतच. चीन आणि अमेरिका यांच्या संरक्षण खात्यांत थेट दूरध्वनी २००८ साली ठरला. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेने चिनी फुगा पाडला, तेव्हा अमेरिकी संरक्षणमंत्र्यांशी बोलायला चीनने नकार दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पाण्याच्या तोफा चालल्या, तेव्हा मनिलाचा फोन चीनमध्ये कित्येक तास कुणी घेतला नाही. पुढच्या वर्षी उपाय निघाला: आणखी एक फोन.

खरी मौज ११ ऑगस्ट २०२५ची. याच समुद्रातल्या स्कारबरो प्रवाळाजवळ फिलिपाइन्सच्या तटरक्षक जहाजाचा पाठलाग करताना चीनची विनाशिका आणि चीनचंच तटरक्षक जहाज एकमेकांवर आदळलं. तटरक्षक जहाजाची नाळ पार चेचली. बीजिंगच्या निवेदनात कारवाई व्यावसायिक होती हे आलं. धडक तेवढी राहून गेली. विनाशिकेच्या वाटेत त्या क्षणी फिलिपिनो जहाज सापडलं असतं तर? मार्कोस यांचं माप एका सेकंदात भरलं असतं, आणि कुणी काही ठरवलेलंसुद्धा नसतं. सुकाणूवरच्या माणसाने तर नाहीच नाही.

आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या राजपुत्राला गोळी लागली आणि पहिलं महायुद्ध पेटलं, तेव्हा मराठा पलटणींचाही संबंध नव्हता. दीड वर्षात त्या मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात अडकल्या होत्या आणि घोड्याचं मांस खावं की उपाशी मरावं, एवढाच प्रश्न उरला होता.

या खेपेला आपण ताटकळणार नाही. एप्रिल २०२४ मध्ये ब्राह्मोस क्षेपणास्त्रांची पहिली खेप आपणच फिलिपाइन्सला पोचवली. चिनी जहाजांची ती टक्कर झाली, त्याच्या आठवडाभर आधी आपलं नौदल त्याच समुद्रात फिलिपाइन्सबरोबर सराव करून आलं. दिल्लीची भूमिका नेहमीचीच: सर्वांनी संयम पाळावा, वाद चर्चेने सोडवावेत. खाली बारीक अक्षरांत: सुट्या भागांचे पैसे वेगळे पडतील.