हॉलचं थिएटर कसं करावं

होम थिएटर घ्यायचं ठरलं की इच्छुक तडक दुकान गाठतो. ही घाई झाली. या प्रकल्पातलं सर्वांत महाग उपकरण त्याच्या घरी आधीच आलेलं असतं आणि त्याचे हप्तेही चालू असतात. ते उपकरण म्हणजे हॉल. स्पीकर, अँप्लिफायर, टीव्ही, वायरी हे सगळं पुढे या हॉलच्याच मर्जीने चालतं.

पुण्या-मुंबईकडच्या फ्लॅटमध्ये हा हॉल साधारण दहा बाय पंधराचा. त्यात सोफा, जेवणाचं टेबल, शोकेस, चपलांचं कपाट, बहुधा देव्हारा आणि पावसाळ्यात कपडे वाळत घालायचा स्टँड. इच्छुकाने यातलं काहीही बाहेर काढायचं मनात आणू नये. सोफा, गाद्या, जाड पडदे आणि स्टँडवरची ओली चादरसुद्धा आवाज शोषते. आवाज टोलवतात त्या गुळगुळीत टाइल्स, बाल्कनीची सरकती काच आणि उघड्या भिंती. म्हणजे ‘मोकळा-मोकळा’ म्हणून पाहुणे ज्या हॉलचं कौतुक करतात, त्यात सिनेमा विहिरीतून आल्यासारखा ऐकू येतो.

आता थोडं गणित. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर पळतो. दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या दोन भिंतींत त्यामुळे साधारण ५६ हर्ट्झचा सूर अडकून घुमत राहतो, पंधरा फुटांवरच्या भिंतींत ३७-३८ हर्ट्झचा. हा सूर भिंतीलगत दणदणतो आणि खोलीच्या मधोमध गायब होतो. एकाच घरात एक जण ‘आवाज कमी कर’ म्हणतो आणि दुसरा ‘काही ऐकूच येत नाही’ म्हणतो, तेव्हा दोघंही खरं बोलत असण्याची शक्यता असते. खोली बरोबर दहा बाय दहाची असेल तर लांबीचा आणि रुंदीचा सूर एकच निघतो आणि घुमणं आणखी वाढतं. वास्तुशास्त्र चौरस खोलीला शुभ मानतं, ध्वनिशास्त्र मानत नाही. कोणाचं ऐकायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

या टप्प्यावर एखादा मित्र अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा सल्ला देतो. मित्राचे आभार मानावेत आणि ट्रे दुकानदाराला परत करावेत. पातळ पुठ्ठ्याने वरच्या पट्टीचे सूर फार तर थोडे विखुरतात, खर्जाला तो अडवतच नाही. त्यापेक्षा मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट बरं. रद्दीत न दिलेले दिवाळी अंक असतील तर त्यांना इतक्या वर्षांनी एक काम मिळेल.

मुळात माणसाला घरात असा आवाज हवासा का वाटला, याचा थोडा इतिहास माहीत असावा. डिस्नेच्या ‘फँटेशिया’साठी १९४० मध्येच ‘फँटासाउंड’ नावाची बहुवाहिनी यंत्रणा काही थिएटरांत बसवली गेली होती. आपल्याकडे खरा धक्का दिला तो १९७५ च्या ‘शोले’ने. सत्तर एमएमचा पडदा आणि स्टिरिओफोनिक आवाज. मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं हलला नाही. सिनेमातलं नाणं पडलं की प्रेक्षक आपल्याच खुर्चीखाली वाकून बघायचे, असं त्या पिढीतली माणसं आजही सांगतात. आजचा इच्छुक शोधतो आहे ते तेच नाणं, फक्त ते सोफ्याखाली पडावं एवढीच त्याची अट आहे.

नंतर आकडे आले. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल थिएटरांत आलं, १९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’बरोबर डीटीएस. या दोघांनी ‘५.१’ हा आकडा घरोघरी पोचवला. समोर तीन स्पीकर, बाजूला किंवा किंचित मागे दोन, झाले पाच. दशांश चिन्हापलीकडे बसतो तो सबवूफर, कारण त्याच्या खास वाहिनीत फक्त खर्ज असतो, साधारण १२० हर्ट्झपर्यंतचा. २०१२ मध्ये ‘ब्रेव्ह’ या पिक्सारच्या चित्रपटाबरोबर डॉल्बी अॅटमॉस आलं आणि आवाज डोक्यावरूनही येऊ लागला. आकड्याला आणखी एक टिंब लागलं: ५.१.२. शेवटचे दोन छतातले.

छतात भोकं पाडायची नसतील तर आवाज वर फेकणारे स्पीकर मिळतात. छताला आपटून तो आवाज खाली यावा अशी योजना आहे. ती आखणाऱ्यांनी छत सपाट असेल असं गृहीत धरलं. पीओपीच्या गोल-गोल पायऱ्या, त्यांत लपवलेले रंगीत एलईडी आणि मधोमध गरगरणारा पंखा त्यांच्या हिशेबात नव्हता. मे महिन्यात पंखा की अॅटमॉस, हा निर्णय घरातल्या ज्येष्ठांवर सोडावा.

आता खरेदी. पुण्यातली तपकीर गल्ली असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की मॉलमधला गारेगार शोरूम, निघण्याआधी इच्छुकाने वॉटबद्दलचं आपलं बालपणीचं ज्ञान घरी ठेवून जावं. नव्वदच्या दशकात वाढलेल्या प्रत्येकाने तो स्टिकर पाहिला आहे: हातभर लांबीचा टू-इन-वन आणि त्यावर चंदेरी अक्षरांत ‘१००० वॉट पीएमपीओ’. पीएमपीओ म्हणजे पीक म्युझिक पॉवर आउटपुट. तो कसा मोजायचा याचा सर्वमान्य नियम कधी नव्हताच, त्यामुळे ज्याला जो आकडा शोभेल तो त्याने छापला. हजार वॉटची इस्त्री लावली की मीटर पळतो आणि हा हजार वॉटचा टेप सहा सेलवर गणपतीच्या दहा दिवसांची गाणी वाजवतो, हे कोणी जोडून पाहिलं नाही.

तेव्हा आरएमएसचा, म्हणजे सलग देता येणाऱ्या शक्तीचा आकडा विचारावा. तो सांगितला की पुढचा प्रश्न टाकावा, ‘किती चॅनेल एकदम चालवून?’ कारण रिसिव्हरच्या, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या अँप्लिफायरच्या खोक्यावरचा मोठा आकडा अनेकदा दोनच स्पीकर चालवून मोजलेला असतो. विक्रेता इथे थोडा थांबतो आणि चहा मागवतो. चहा घ्यावा. आणखी एक लक्षात ठेवावं: वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. दुप्पट पैसे मोजून मिळणारी ही वाढ कानाला जेमतेम कळते.

डेमोला दुकानात काचा फुटण्याचा, हेलिकॉप्टरचा किंवा डायनोसॉरचा प्रसंग लावतात. इच्छुकाने शांतपणे एखादा बोलपट मागावा, ज्यात दोन माणसं स्वयंपाकघरात भांडताहेत. सिनेमातले बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात, आणि घरात सर्वांत जास्त तक्रार असते ती संवाद कळत नाहीत हीच. शिवाय दोन संचांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला लावावा. किंचित मोठा वाजणारा संच कानाला नेहमी सरस वाटतो आणि हे गुपित विक्रेत्याला इच्छुकाच्या जन्माआधीपासून माहीत असतं.

प्रस्तुत मार्गदर्शकाचं स्पष्ट मत असं, की पैसे मोजकेच असतील तर समोरचे तीन स्पीकर चांगले घ्यावेत आणि मागचे दोन पुढच्या दिवाळीवर ढकलावेत. एकाच खोक्यात आठ डबड्या देणारा संच मोजायला भारी वाटतो, ऐकायला नाही. प्रोजेक्टरचं म्हणाल तर शंभर इंची पडद्याची रुंदी ८७ इंच भरते, आणि दिवसा पडदे ओढूनही हॉलमध्ये जो उजेड उरतो त्यात ते चित्र जुन्या झेरॉक्ससारखं फिकट दिसतं. त्यामुळे टीव्हीच बरा. पंचावन्न इंचीसमोर सात-साडेसात फुटांवर बसलं की तो नजरेचा सुमारे तीस अंशांचा कोन व्यापतो. सिनेमाला तेवढं पुरतं. तो डोळ्यांच्या उंचीला लावावा. एसटी स्टँडवरच्या टीव्हीसारखा छताजवळ टांगला तर सिनेमा संपेपर्यंत मान आखडते.

बसवणीच्या दिवशी लागणारं साहित्य: मोजपट्टी, सुतळी आणि मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक. बसणाऱ्याच्या नाकापासून टीव्हीच्या मध्यापर्यंत सुतळी ताणावी. तिच्या डाव्या-उजव्या बाजूला २२ ते ३० अंशांवर पुढचे दोन स्पीकर आणि ११० अंशांच्या आसपास, कानापेक्षा थोडे उंच, मागचे दोन. इथे कळतं की सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे आणि ११० अंशांवर शेजाऱ्यांचं बेडरूम लागतं. सोफा दोन फूट पुढे ओढणं हा उपाय आहे. पण घरातला सोफा हलवणं हे भूसंपादनाचं प्रकरण आहे, त्यात सुनावण्या होतात. निकाल विरोधात गेला तर मागचे स्पीकर थेट दोन्ही बाजूंना लावून गप्प बसावं.

वायर लावताना इलेक्ट्रिशियन ‘साहेब, भिंत फोडावी लागेल’ असं म्हणतो. म्हणू द्यावं. केसिंग पट्टीतून दीडची तांब्याची वायर नेली तरी काम भागतं, लांब पल्ल्याला अडीचची. सापासारखी जाड, सोनेरी टोकांची महागडी केबल ही श्रद्धेची बाब आहे. लाल टोक लालला, काळं काळ्याला हे मात्र कटाक्षाने पाहावं. पुढच्या दोहोंपैकी एका स्पीकरची टोकं उलटी लागली तर दोघं एकमेकांचा खर्ज खाऊन टाकतात आणि हजारो रुपये खर्चूनही आवाज फोनवर आल्यासारखा वाटतो. संच चालू करताच ‘हुंऽऽ’ असा अखंड आवाज आला तर ती वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण. बहुधा केबल टीव्हीच्या वायरीतून अर्थिंगचा फेरा झालेला असतो. केबल काढून पाहावी. प्लगची अर्थिंगची पिन कापण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला पुन्हा घरी बोलावू नये.

राहिला सबवूफर. त्याची जागा शोधण्याची एक जगन्मान्य पद्धत आहे आणि ती ऐकून अनेक इच्छुकांना मार्गदर्शक थट्टा करतो आहे असं वाटतं. तसं नाही. सबवूफर उचलून सोफ्यावर, स्वतःच्या बसायच्या जागी ठेवावा. ढोलताशाचं एखादं रेकॉर्डिंग लावावं. मग दोन्ही हात आणि गुडघे टेकून, कान जमिनीपासून हातभर वर राहील असं, भिंतीच्या कडेकडेने हॉलभर रांगावं. एका कोपऱ्यात ढोल नुसता घुमेल, दाराशी तो नाहीसाच होईल आणि कुठेतरी एका जागी प्रत्येक टोला सुटा-सुटा, स्वच्छ ऐकू येईल. तीच सबवूफरची जागा. तिथला खर्ज सोफ्यावर जसा पोचतो तसाच सोफ्यावरचा तिथे, एवढाच यातला तर्क आहे. रांगण्यापूर्वी दार लावून घ्यावं, कारण डिलिव्हरीवाला ओटीपी मागायला नेमका याच वेळी येतो. जागा चपलांच्या कपाटाशी निघाली तर नशिबाला बोल लावू नये, कपाट हलवावं.

त्याच रात्री घरातल्या वस्तू बोलू लागतात. शोकेसची काच, लोखंडी कपाटाचं दार, स्वयंपाकघरातली एकावर एक रचलेली स्टीलची पातेली. नेमकं कोण वाजतं ते हेरायला हळूहळू वर चढणारा एकच सूर लावावा आणि घरातली माणसं खोल्याखोल्यांत उभी करावीत. ‘चाळीसला पातेलं!’ अशी आरोळी आली की त्या पातेल्याखाली फडकं सारावं.

शेजारधर्माबाबत कायदा स्पष्ट आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. थिएटरातला आवाज मात्र एकेका वाहिनीचं शिखर १०५ आणि खर्जाच्या वाहिनीचं ११५ डेसिबलपर्यंत जाईल असा बेतलेला असतो. सणासुदीला मध्यरात्रीपर्यंत लाउडस्पीकरची सवलत राज्य सरकारला वर्षात फार तर पंधरा दिवस देता येते, तिच्यात सुपरहिरो बसत नाहीत. खर्ज स्लॅबमधून उतरतो, त्याला पडदा अडवत नाही. रात्री रिसिव्हरमधला नाइट मोड लावावा. त्याने स्फोट खाली येतो आणि कुजबूज वर येते.

शेवटी रिसिव्हरसोबत आलेला छोटा माइक बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवून मोजमाप करायचं असतं. प्रत्येक स्पीकर आळीपाळीने ‘शूऽऽ’ करतो आणि यंत्र अंतर, पातळी स्वतः ठरवतं. तोवर पंखा बंद, मिक्सर बंद आणि घरातल्या सर्वांनी तोंड मिटून बसायचं, ही या प्रकल्पातली सर्वांत अवघड अट आहे. मधेच कुकरची शिट्टी झाली तर मोजमाप पहिल्यापासून करावं, नाहीतर संच आयुष्यभर शिट्टी गृहीत धरून वाजेल.

टीव्हीच्या मागे तीन-चार सारखीच भोकं दिसतात. रिसिव्हरची केबल ज्याखाली ‘एआरसी’ लिहिलंय त्यातच लावावी, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच तारेने परत येतो. ही सोय २००९ मध्ये आली, तरी घरोघरी केबल शेजारच्याच भोकात सापडते.

मग पहिल्या रविवारी पाहुणे येतात. त्यांना दाखवायचा तुकडा पाच मिनिटांहून मोठा नसावा आणि पोह्यांच्या बशा त्याआधी रिकाम्या झालेल्या असाव्यात. पाहुणे हटकून दोन प्रश्न विचारतात: ‘किती पडले?’ आणि ‘वायफाय आहे का?’ पहिल्याचं उत्तर देताना सबवूफर हिशेबातून वगळावा. दुसऱ्याला पासवर्ड सांगून टाकावा.