तिचं शून्य, त्याचे आठ

2008 साल आठवतंय? 'टशन'साठी करिना कपूर साइझ झिरो झाली. त्याच वर्षाच्या शेवटी 'गजनी'त आमिर खानने एट पॅक दाखवले. घाम दोघांनी गाळला, जीभ दोघांनी आवरली. बाजाराने निकाल काय लावला? त्याचे आठ, तिचं शून्य.

तेव्हापासूनच्या जाहिराती काढून बघा. बाईला विकायचं तर सगळं कमी. कंबर कमी, मांड्या कमी, भूक कमी. पुरुषाला विकायचं तर सगळं वाढतं. दंड वाढतात, छाती वाढते, स्टॅमिना वाढतो. काळा डबा त्याचा, गुलाबी डबा तिचा.

झाकण उघडा. बहुतेकदा आत तेच व्हे प्रोटीन.

पुरुषाची लाज बाजार किती जपतो तेही बघा. 'डाएट' लिहिलेला कॅन हातात धरायला त्याला कमीपणा वाटतो, म्हणून कोका-कोलाने 2005 मध्ये त्याच्यासाठी कोक झिरो आणलं आणि पुढे ते काळ्या कॅनमध्ये भरलं. अमेरिकेत 2011 साली 10 कॅलरींचं डॉ. पेपर टेन आलं. त्याची घोषणाच होती, हे बायकांसाठी नाही. डाएट पुरुषाला विकायचं तर आधी त्यातून बाईला हाकलावं लागतं.

आणि बाईला विकायचं तर आधी तिला आरशासमोर रडवावं लागतं.

आता जरा आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, 2019 ते 21. वजन जास्त असलेल्या बायका 24 टक्के. पुरुष 22.9 टक्के. फरक जेमतेम एका टक्क्याचा. मग पोस्टरवर टेप गुंडाळलेली कंबर कायम बाईचीच का? पुरुषांची पोटं सर्वेक्षणाला दिसतात, जाहिरातवाल्यांना दिसत नाहीत?

त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा. 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना ॲनिमिया आहे. पुरुषांमध्ये हे प्रमाण 25 टक्के. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. शिवाय देशातल्या 18.7 टक्के बायकांचं वजन हवं त्यापेक्षा कमी आहे. या देशातल्या बाईला काय विकलं जातंय? कमी खाण्याचा सल्ला.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं 2020 चं कोष्टक सांगतं, प्रौढ पुरुषाला रोज 19 मिलिग्रॅम लोह लागतं, बाईला 29. दर महिन्याला तिच्या अंगातून रक्त जातं, म्हणून तिची गरज मोठी. शरीर 10 मिलिग्रॅम जास्त मागतंय आणि जाहिरात ताट लहान करायला सांगतेय. शरीराचं ऐकायचं की जाहिरातीचं, याला डोकं लागतं का?

बरं, ताट लहान करून वर ग्रीन टी. बारीक होण्यासाठी तोही तिनेच प्यायचा. जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या चहा घेतला, तो हिरवा असो की काळा, तर अन्नातलं लोह अंगी लागायला अडथळा येतो. मटकीची उसळ खायची, मेथीची भाजी खायची आणि त्यावर ओतायचा चहा. पाकिटावर सडपातळ बाईचं चित्र असतं. हिमोग्लोबिनचा उल्लेख नसतो.

ऑफिसात दुपारी तिला गरगरतं. "डाएटवर आहे ना," असं ती अभिमानाने सांगते. मैत्रिणी कौतुक करतात. रक्त तपासायला जा, असं एकीलाही सुचत नाही. मला संताप येतो तो इथे. थकवा हे दुखण्याचं लक्षण आहे. बाजाराने त्याचं प्रगतिपुस्तक करून टाकलं.

घरात या.

नवऱ्याला डॉक्टरांनी पथ्य सांगितलं की अख्खं स्वयंपाकघर बदलतं. तेल बदलतं, मीठ कमी होतं, ज्वारीची भाकरी सुरू होते, सकाळी दुधीचा रस निघतो. करणारी कोण? ती. आणि तिने डाएट धरलं की? आधी सगळ्यांच्या पोळ्या, डबे, नाश्ता, मग स्वतःसाठी काकडी चिरायची. तिचं डाएट घराला कळतसुद्धा नाही.

जाहिरातींनीही तेच पक्कं केलं. सफोलाच्या जाहिराती वर्षानुवर्षं बायकोला सांगत आल्या की नवऱ्याचं हृदय ही तिची जबाबदारी. तेल बदल, त्याला जप. तिच्या हृदयाचं काय? जगात बायकांच्या मृत्यूचंही सर्वांत मोठं कारण हृदयविकारच आहे. ते जपायला किती जाहिरातींनी नवऱ्याला सांगितलं?

आणि आता इंटरमिटंट फास्टिंगची ॲप. सोळा तास उपाशी राहा, महिन्याचे पैसे भरा. ज्या घरांत सगळ्यांची पानं उठल्यावर बाई जेवायला बसते, संकष्टी करते, हरतालिकेला पाणीही पीत नाही, त्या घरांत उपाशी राहायला शिकवणार? तिला शिकवायचंच तर वेळेवर जेवायला शिकवा. घराला शिकवा तिच्यासाठी थांबायला.

तुळशीचं लग्न लागलं की ब्रायडल पॅकेजांचा हंगाम. तीन महिन्यांत दहा किलो उतरवा, शालूत सुंदर दिसा. लग्न दोघांचं, वजन एकटीचं. नवरदेवाची शेरवानी घट्ट झाली तर शिंपी शिवण उसवून देतो. नवरीचा ब्लाउज घट्ट झाला तर नवरीलाच उसवायला काढतात.

पुढचं गिऱ्हाईक बाळंतीण.

तिच्याइतकं हळवं गिऱ्हाईक बाजाराला दुसरं कुठे मिळणार? झोप नाही, टाके दुखताहेत, बाळ रडतंय, आणि मोबाइलवर कुणीतरी नटी बाळासह सपाट पोट दाखवतेय. खाली पोस्टनेटल प्रोग्रॅमची लिंक. पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोज 600 कॅलरी जास्त लागतात, असं तीच संशोधन परिषद सांगते. आपल्या आज्यांनी परिषदेची वाट पाहिली नाही. त्यांनी डिंकाचे लाडू केले, आळिवाचे लाडू केले, तूप सढळ वाढलं. आता सून त्या लाडवातली कॅलरी मोजते आणि अर्धा लाडू परत डब्यात ठेवते. ती भूक बाळाची पण आहे हो!

कायदा नोकरदार बाईला बाळंतपणासाठी 26 आठवडे देतो. जाहिरात तेवढाही धीर धरत नाही.

हा धंदा जुना आहे. 1928 च्या सुमारास अमेरिकेत लकी स्ट्राइकवाल्यांनी बायकांना सांगितलं, गोड खावंसं वाटलं तर त्याऐवजी आमची सिगरेट ओढा, बांधा सडपातळ राहील. मिठाईवाले खवळून उठले, त्यांचं गिऱ्हाईक जात होतं. बायकांच्या फुप्फुसांसाठी तेव्हा कोण खवळलं?

1963 साली न्यूयॉर्कच्या जीन नायडेच या गृहिणीने वेट वॉचर्स सुरू केली. बायका एकत्र बसायच्या, मोकळ्या व्हायच्या, एकमेकींना धीर द्यायच्या. तिची सुरुवात मैत्रिणींच्या गोतावळ्यातून झाली होती. 1978 मध्ये ती कंपनी विकत कोणी घेतली? हाइन्झने. केचपवाल्यांनी.

2000 साली युनिलिव्हरने स्लिमफास्ट विकत घेतली, जेवणाऐवजी प्यायचं शेक विकणारी. त्याच वर्षी घेतली बेन अँड जेरीज, आइस्क्रीमवाली. वजन वाढलं तरी पैसे, उतरवायचं म्हटलं तरी पैसे.

गल्ला एकच.

आपल्याकडे केलॉग्जच्या स्पेशल केने दोन आठवड्यांचं आव्हान दिलं. आधी लारा दत्ता, मग दीपिका पदुकोण. दिवसातल्या दोन जेवणांऐवजी वाटीभर सिरिअल खा आणि फरक बघा. फरक पडणारच! दोन जेवणं काढून त्या जागी वाटीभर काहीही घातलं तरी वजन उतरेल. चुरमुरे घाला, उतरेल. प्रश्न पंधराव्या दिवसाचा आहे, आणि जाहिरात चौदाव्या दिवशी संपते.

पंधराव्या दिवसानंतर काय होतं, याचा धांडोळा अमेरिकेत ट्रेसी मान आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये घेतला. 31 अभ्यास तपासले. डाएट करणाऱ्यांपैकी एक तृतीयांश ते दोन तृतीयांश लोकांचं वजन काही वर्षांत परत आलं, तेही व्याजासकट, उतरवलं होतं त्यापेक्षा जास्त. मग ती काय म्हणते? "माझाच कंट्रोल सुटला." आणि पुन्हा पैसे भरते. माल फसला की गिऱ्हाइकानेच माफी मागायची, असा दुसरा धंदा दाखवा.

हे मी डाएटच्या विरोधात लिहीत नाही. मधुमेह आहे, गुडघे दुखताहेत, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय, तर जरूर उतरवा. चांगला आहारतज्ज्ञ आधी रक्त तपासतो, झोप विचारतो, घरात स्वयंपाक कोण करतं ते विचारतो. पीसीओएसच्या मुलींना तर अशा माणसाची फार गरज असते. त्यांच्या वाट्याला काय येतं? रीलवरची कोणीतरी, डिस्काउंट कोड आणि पाळी नियमित करून देण्याची हमी. विशीतल्या पोरींच्या भीतीवर हे लोक पैसे कमावतात, आणि हे मला अक्षम्य वाटतं.

कायदा नाही का? आहे की. 1954 सालचा, औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा. ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करायची नाही त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे. म्हणून विकणारे औषध म्हणतच नाहीत. चहा म्हणतात, पट्टा म्हणतात, प्रोग्रॅम म्हणतात. यादी जागच्या जागी, माल घरोघरी.

जाहिरात क्षेत्राच्या ॲस्की या संस्थेने 2022 मध्ये स्त्री-पुरुषांना साच्यात बसवणाऱ्या जाहिरातींविरुद्ध नियमावली काढली. चांगलं केलं. पण ही संस्था जाहिरात क्षेत्राने स्वतःच स्वतःवर लक्ष ठेवायला काढलेली. तिच्याकडे तक्रार गेली तर जाहिरात मागे घ्यायला लागू शकते. जाहिरात बघून भरलेले पैसे त्याने परत येत नाहीत.

सरकारी बडगा? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2025 मध्ये चरबी गोठवणाऱ्या उपचाराच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल व्हीएलसीसीला दंड केला. 3 लाख रुपये. मोठ्या दैनिकाच्या पहिल्या पानावरची एका दिवसाची जाहिरात याहून महाग पडते.

तरीही तक्रार करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. मराठीत बोलता येतं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, पावती जपा. आणि फोनवरची गोड मुलगी "मॅम, एका महिन्यात सात किलो गॅरंटीड" म्हणाली की तेवढं एक वाक्य लेटरहेडवर, सहीशिक्क्यासकट मागा. दिलं नाही तर पैसे भरू नका. त्या पैशांत आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.