फायबर होडीची कांतिमीमांसा

प्रस्तुत प्रबंधाचा विषय जुन्या फायबर होडीची अंगकांती हा आहे. शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे आधी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन सांगणे भाग आहे. अधिकारी तो, ज्याची होडी पंधरा-वीस वर्षांची आहे, खांदे शाबूत आहेत आणि ज्याला घरी कोणी काम सांगत नाही. विषय वर आलाच. संबंध होडी आणि मालक यांच्यातला असून तो घरच्यांना बहुधा मान्य नसतो. प्रयोजन मात्र अजून कोणा आचार्याला सांगता आलेले नाही. होडीचा रंग उडाला म्हणून बांगडा जाळ्याकडे पाठ फिरवत नाही, आणि मालवण जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यात निघालेल्या पर्यटकाचे सगळे लक्ष लाइफ जॅकेटच्या वासाकडे असते.

रोगाचे लक्षण सोपे आहे. होडीच्या कुशीवरून हात फिरवावा. तळहाताला पांढरी भुकटी लागली की निदान झाले. साच्यात होडी घडवताना सर्वांत आधी जेलकोटाचा थर मारतात, मग त्यावर काचतंतूंची मॅट आणि रेझिन. साच्यातून निघाली की तोच थर बाहेरचे कातडे होतो. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. उन्हातले अतिनील किरण जेलकोटाचे पॉलिएस्टर वरून कुरतडत जातात, आणि लाल होडी काही वर्षांत गुलाबी होते. ती मुळातच गुलाबी घेतली होती, असे म्हणणारे मालकही भेटतात.

उपचाराबाबत तीन पंथ आहेत. पहिला बोळेवाल्यांचा. ते खोबरेल नाहीतर डिझेलचा बोळा फिरवतात, आणि होडी संध्याकाळपर्यंत नवी दिसते. विटलेल्या पृष्ठभागाची खडबड द्रवाने भरली की रंग खोल दिसू लागतो. होडी विकणारा गिऱ्हाईक येण्याआधी तिच्यावर चार बादल्या पाणी मारतो, त्यामागे हेच शास्त्र. दुसरा पंथ रंगवाल्यांचा: लांबी भरा, प्रायमर मारा, वर दोन हात रंग. हा मार्ग पुष्कळदा योग्य असतो, म्हणूनच त्यावर लिहिण्यासारखे काही नाही. तिसरा घर्षणवाद्यांचा. प्रस्तुत लेखक याच पंथातला असल्याने उरलेला प्रबंध निःपक्षपाती राहणार नाही.

घर्षणवाद्यांचा सिद्धान्त असा की, चकाकी म्हणजे पुरेसे बारीक ओरखडे. ४०० नंबरच्या वॉटर पेपरने भुकटीचा थर काढायचा, म्हणजे होडीवर ओरखडे काढायचे. ते ६०० ने घालवायचे, म्हणजे त्यांहून बारीक काढायचे. पुढे ८००, १०००, १५००, २०००. मग रबिंग कंपाउंड आणि बफ मशीन. शेवटी ओरखडे इतके बारीक होतात की डोळा नाद सोडून देतो आणि माणूस त्याला आरसा म्हणतो. दर नंबराला घासण्याची दिशा आधीच्याशी काटकोनात ठेवावी, म्हणजे मागचे ओरखडे पुरते गेले की नाही ते कळते. टीकाकारांची परंपरा याच न्यायाने चालते: नवा टीकाकार जुन्याच्या रेघा पुसतो आणि आपल्या आडव्या मारून जातो. काही सूक्ष्मदर्शी मंडळी आधी शिसपेनने होडीभर गिरगटतात आणि गिरगटा नाहीसा होईपर्यंत घासतात. शेजारची पोरे हे पाहायला येतात.

यात एक मेख आहे. दर घासणीला जेलकोटाचा थोडा अंश पाण्याबरोबर वाहून जातो. अर्ध्या मिलिमीटरात तारुण्य किती वेळा परत येणार? कोपऱ्यांवर, नाळेच्या धारेवर तर मशीन क्षणभर जास्त रेंगाळले तरी खालची मॅट डोकावते. त्याला मग लांबी आणि नवा जेलकोटच लागतो. तोही लहरी आहे: हवा लागली की त्याचा वरचा पदर चिकट राहतो, म्हणून त्यात मेण मिसळावे लागते किंवा वरून प्लास्टिकचा कागद झाकावा लागतो.

भूतबाधेचा उल्लेख टाळता येत नाही. नाळेवरचे ‘वेतोबा प्रसन्न’ खरवडून काढले, तरी त्या जागी वेतोबा प्रसन्नच असतो. अक्षरांखालच्या जेलकोटाने ऊन पाहिलेले नसते, त्यामुळे भोवतीच्या विटक्या भागात जुने नाव गडद रंगात उठून दिसते. होडी विकत घेऊन नवे नाव देणाऱ्याने ही गोष्ट सासऱ्याच्या फोटोसारखी स्वीकारावी, नाहीतर घासावे.

पाणरेषेखाली शास्त्र बदलते. तिथे चकाकी हवी कोणाला? शेवाळ आणि बार्नॅकल रोखणारा तांबेयुक्त रंग धरायला पृष्ठभाग खरबरीतच लागतो. बार्नॅकल या प्राण्यावर चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे खर्च केली. आमच्याकडे तो पटाशीने काढतात, आणि बरोबर जेलकोटाचा टवकाही निघतो. याच भागात फोडही येतात. थरातून झिरपलेले पाणी आतली न मुरलेली रसायने विरघळवते, ते द्रावण आणखी पाणी ओढते, आणि फुगा धरतो. तो फोडला की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. वास येताच मालकाने चेहरा निर्विकार ठेवावा. गिऱ्हाईक जवळ असेल तर जरूरच.

फोड फोडल्यावर होडी कित्येक आठवडे सुकवावी लागते, आणि इथे कोकणातले घर्षणशास्त्र अडून बसते. १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद, किल्ल्याची होडी बंद, मालक रिकामा. पण हवा इतकी ओली की मॅट सुकत नाही आणि रेझिन मुरत नाही. कडक ऊन एप्रिल-मे महिन्यांत पडते, तेव्हा होडी कमावत असते. मधला मार्ग म्हणून काहीजण पावसात ताडपत्रीखाली कुशी घासतात आणि फोडांचा विषय पुढच्या वर्षावर ढकलतात. हे पुढचे वर्ष गेली काही वर्षे पुढचेच आहे.

मेणाबद्दल वाद नाही. ते शेवटी लावावे आणि हंगामात एकदा पुन्हा लावावे. पण पाण्यात उतरल्यावर पहिल्याच दिवशी जेटीला टांगलेल्या जुन्या टायरांचे काळे पट्टे कुशीवर उठतात, ते रॉकेलने पुसावे की ॲसिटोनने, यावर घर्षणवाद्यांतच दोन तट आहेत. ॲसिटोनवाल्यांनी फडके जागेवर धरून ठेवू नये, एवढे मात्र दोन्ही तटांना मान्य आहे.