माहितीचं ओतकाम

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत परवा पंपाच्या कास्टिंगचा अख्खा लॉट परत आला. वरून माल गुळगुळीत. गिऱ्हाइकाने मशीनवर एक कट घेतला आणि कातडीखालून टाचणीच्या टोकाएवढी भोकं बाहेर आली. मेस्त्रींनी वाळूची मूठ आवळली, ढेकूळ मोडून बघितलं आणि निकाल दिला, "मालक, वाळू चोख हाय. ही भानगड येगळीच हाय."

भानगड बहुधा नायट्रोजनची. भट्टीत पोलादी भंगार जास्त पडलं, वर शेल कोअरच्या रेझिनमधलं हेक्झामिन जळलं, की लोखंडाच्या रसात नायट्रोजन वाढतो आणि रस थिजताना भोकं पाडून जातो. जरासं टायटॅनियम घातलं तर तो बांधला जातो. जरासं म्हणजे किती, यावर जगभर शोधनिबंध पडलेत. मालकांनी मोबाईलवर एक उघडला. गोषवारा फुकट, पुढच्या पानाला तीनेक हजार रुपये. तेवढ्यात स्पेक्ट्रोवाल्याचं बिल आलं आणि विज्ञान तिथंच थांबलं.

सरकार झोपलंय, असं मात्र कोणी म्हणू नये. १९५२ साली दिल्लीत युनेस्कोच्या मदतीने 'इन्सडॉक' निघालं, देशातल्या शास्त्रज्ञांना हवा तो कागद मिळवून देण्यासाठी. १९७७ मध्ये 'निसॅट' योजना आली. तिच्यातून चामड्याची माहिती मद्रासला, अन्नाची म्हैसूरला, मशीन टूल्सची बंगळूरला, औषधांची लखनौला आणि रसायनांची पुण्याला एनसीएलमध्ये साठू लागली. विषयवार केंद्रं, विषयवार अनुदान. कल्पना झकास होती, म्हणूनच २००२ मध्ये योजना गुंडाळली.

त्याच साली सरकारने स्वतःची भट्टी पेटवली. इन्सडॉक आणि 'निसकॉम' नावाची आणखी एक सरकारी संस्था एकत्र वितळवून 'निस्केअर' ओतलं. २०२१ मध्ये निस्केअर आणि 'निस्टॅड्स' ही आणखी एक संस्था पुन्हा भट्टीत गेले आणि 'एनआयएससीपीआर' बाहेर आलं. शिरोलीत आम्ही रिजेक्ट माल वितळवतो. दिल्लीत चालू माल वितळवतात, आणि दर वेळी पॅटर्न नवा असल्याने उद्घाटनाचा नारळही नवा लागतो.

आम्हा भट्टीवाल्यांचं अगदीच कोणी नाही असंही नाही. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनचं फाउंड्री इन्फॉर्मेटिक्स सेंटर आहे. तेही दिल्लीत. फायली तिथंच शिजतात, तेव्हा माहितीनेही तिथंच राहावं हे रीतीला धरून झालं.

आणि आता तर सुकाळच. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिकं. लाभ कोणाला? सरकारी विद्यापीठं, सरकारी महाविद्यालयं आणि केंद्राच्या संशोधन संस्था. म्हणजे नेशन वन, सबस्क्रिप्शन वन आणि शिरोली टू. तो नायट्रोजनचा निबंध पंचगंगेच्या अल्याड तीन हजाराला आणि पल्याड विद्यापीठाच्या आवारात फुकट. नदी पुराच्या काळातच आडवी येते हा आपला गैरसमज होता. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, पण पाणी ओसरल्यावर तो सुरू तरी झाला.

प्रकाशकांचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. संशोधनाला पगार सरकारचा, निबंध तपासणारे प्राध्यापक बिनपगारी, आणि छापून झाल्यावर तोच निबंध सरकारला पुन्हा विकायचा. असा धंदा शिरोलीत कोणी केला असता, गिऱ्हाइकाचंच भंगार घेऊन गिऱ्हाइकालाच कास्टिंगच्या भावाने, तर जीएसटीवाले दारात उभे राहिले असते.

मालकांनी आता शिरोलीत खास भट्टी-माहिती केंद्र मागायचं ठरवलंय. अर्जाचा मसुदा तयार आहे: एक संचालक, दोन लिपिक, चार संगणक, एक एसी. संगणकांना वाळूची धूळ चालणार नाही, म्हणून केंद्र भट्ट्यांपासून लांब असावं, अशी अट अर्ज लिहून देणाऱ्या सल्लागाराने आधीच घालून ठेवली आहे. पुणे सुचवलंय.

मेस्त्रींनी मसुदा ऐकून घेतला आणि म्हणाले, "त्यापेक्षा ते इद्यापीठातले लॉगिनवाले सर हैत न्हवं, त्यास्नी शनवारचं च्याला बोलवा की हिकडं. कागद घिऊन येतील, वाळू बघून जातील. बिस्किटं घालू आपण."

सल्लागाराने हे कलम खोडलं. बिस्किटांना लेखाशीर्ष नाही.