घड्याळाचं वय ठरवून कळवावे

एडिसन, न्यू जर्सी

ती. स्व. आजोबा व ती. सौ. आजी यांस शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, रत्नागिरीच्या माजघरातलं लंबकाचं घड्याळ इकडे आणण्याचा ठराव इथल्या घरात मंजूर झाला आहे. 'मी म्हटलं, ती म्हणाली' असं लिहिलं की भांडण होतं, म्हणून नातसुनेच्या सूचनेवरून सगळा मजकूर सभेच्या इतिवृत्तासारखा लिहिला आहे.

मुद्दा घड्याळाच्या वयाचा. नातवाच्या लहानपणी ते ऐंशी वर्षांचं होतं. त्याच्या मुंजीत शंभराचं झालं, लग्नात सव्वाशेचं, आणि गेल्या मे महिन्यात आंबे न्यायला आलेल्या पाहुण्यांना आजोबांनी ते दीडशे वर्षांचं म्हणून दाखवलं. शिवाय ते थिबा राजाच्या सामानातलं! रत्नागिरीत थिबाची एखादी वस्तू नाही असं जुनं घर शोधूनच काढावं लागेल. ब्रह्मदेशच्या त्या बिचाऱ्या राजाला इंग्रजांनी कैदी म्हणून आणलं होतं. खुर्च्या, आरसे नि घड्याळं वाटायला नव्हे.

अडचण इथेच आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेली ऐतिहासिक किंवा कलाकुसरीची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शंका असेल तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो. थिबा वारला १९१६ साली. म्हणजे आजोबांचं म्हणणं खरं धरलं, तर घड्याळ विमानात चढायचं नाही.

पणतीने व्हिडिओ कॉलवर आजोबांना तबकडीजवळ फोन धरायला लावला आणि अक्षरं वाचून काढली : अ‍ॅन्सोनिया, न्यू यॉर्क. ही कंपनी मूळची कनेक्टिकटची. १८७९ मध्ये तिने ब्रुकलिनला कारखाना थाटला, पुढच्याच वर्षी तो जळाला, पुन्हा उभा राहिला आणि १९२९ मध्ये धंदाच बसला. यंत्रं विकत घेऊन गेलं कोण, तर सोव्हिएत रशिया! थोडक्यात, शंभरीच्या आत राहायचं तर या घड्याळाला कंपनीच्या अगदी शेवटच्या दोन-चार वर्षांत जन्मावं लागेल.

एका रविवारी मंडळी ब्रुकलिनला जाऊन कारखानाही पाहून आली. लाल विटांची भलीमोठी इमारत, आता आत बिऱ्हाडं आहेत. "घड्याळाच्या माहेरी भाडेकरू राहतात," असं पणतीने जाहीर केलं.

ठरावाला विरोध नातसुनेचा. तिचा प्रश्न सरळ आहे : थिबाचं म्हटलं तर येणार नाही आणि मुंबईच्या दुकानातलं म्हटलं तर येईल, पण मग एवढ्या लांबून आणायचं कशाला? नातवाकडे उत्तर नव्हतं. तो चावीचं वर्णन करत बसला. दर शनिवारी आजोबा स्टुलावर चढतात, कोनाड्यातून चावी काढतात, आधी उजवीकडचं भोक, चालीचं, मग डावीकडचं, टोल्यांचं. शेवटच्या पिळ्याला स्प्रिंग कुरकुरली की थांबतात. घड्याळाच्या पाठीमागे, डाव्या अंगाला, पोस्टकार्डाची घडी खोचलेली आहे. ती काढली की टिक-टिक लंगडायला लागते आणि तासाभरात लंबक थांबतो. भिंत इथली असेल तर घडी किती जाड लागेल, यावर रात्री बराच वेळ चर्चा झाली.

चारला नऊ टोले पडतात ही तक्रारही विचारात घेतली. टोल्यांचा हिशेब खाचांच्या एका वेगळ्या चाकाकडे असतो. कुणी घाईने काटे फिरवले तरी ते चाक आपली मोजणी सोडत नाही. घड्याळ ब्रुकलिनची वेळ सांगतं, ही पणतीची उपपत्ती साडेनऊ तासांच्या हिशेबात बसली नाही.

पुढचा मुद्दा वस्तू हातची सोडण्याचा. पुण्याच्या दिनकर केळकरांनी जन्मभर दिवे, अडकित्ते, दौती, कुलुपं जमवली आणि १९७५ साली सगळा संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला. आजोबांचा संग्रह त्या मानाने लहान, पण त्यांनी अजून कुणाला शनिवारची चावीसुद्धा देऊ दिलेली नाही, याची सभेने नोंद घेतली.

तरी आजोबांनी घड्याळाचं एकच काय ते वय ठरवून कळवावे. अठ्ठ्याण्णव चालेल. दाखला हाती येईपर्यंत पाहुण्यांपुढे थिबाचं नाव काढू नये. दरम्यान येणाऱ्या माणसाबरोबर काशाची वाटी आणि अडकित्ता पाठवावा. अडकित्ता मोठ्या बॅगेत घालावा, हातातल्या पिशवीत चालत नाही.

आपला,
नातू आणि मंडळी

ता. क. : हे पत्र पुरं होत असताना आजीचा फोन आला. आजोबा अंघोळीला गेले होते. तिचं म्हणणं, घड्याळ थिबाचं नाहीच. तिच्या वडिलांनी ते तिच्या लग्नात दिलं, आणि तेव्हाही ते जुनंच होतं. असं असेल तर परवानगी विचारली ती चुकीच्या माणसाला. आजीने तिचं मत स्वतंत्र पोस्टकार्डावर कळवावे. घड्याळामागे खोचलेलं वापरू नये.